बिनकडीचं दार

दिवा असू दे, पण जरा लांब सरकवा. आणि मध्येच कुणी हसायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली होता. नगरपालिकेत मी मुकादम, तो रंगारी. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तो राहायचा ती अख्खी गल्ली रस्ता रुंद करायला पाडली. बावीस घरं. लोकांना गावाबाहेरच्या इमारतींत खोल्या मिळाल्या. तिथे सगळी दारं एकसारखी. एका आजोबांनी तर दोनदा भलत्याच घरात जाऊन जेवून घेतलं, आणि वर भाजी अळणी म्हणून त्या बाईला बोलूनही आले!

गल्लीतली एक लांबलचक भिंत तेवढी उरली होती. एका रविवारी सगळे शिड्या घेऊन आले आणि प्रत्येकाने तिच्यावर आपापलं दार रंगवलं. खरं होतं तेवढंच मोठं, त्याच रंगाचं. कुणी दारावरचा पोचा काढला, कुणी पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघासुद्धा.

रंगारी गेला नाही. "साहेबांनी बघितलं तर?" म्हणाला. बायकोने एकटीनेच दार रंगवलं, हिरवं. संध्याकाळी हात पुसत म्हणाली, "अहो, कडी काही जमेना मला. तेवढी काढून द्या ना."

"बघू."

बघू बघू करता हिवाळा आला. तिच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत ती गेली.

मग पालिकेची नोटीस निघाली. सार्वजनिक भिंत विद्रूप केली, पांढरी करा. गल्लीतली माणसं चार दिवस भिंतीला पाठ लावून बसली. अंधार पडला की घरी जायची, उजाडलं की परत हजर. साहेब म्हणाले, रात्रीत उरकून टाका.

मी रंगाऱ्याला बोलावलं.

"मुकादम, दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरा कोण आहे? आणि जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

असं म्हणालो मी. मीच.

मार्चची अकरा तारीख, बुधवार. रात्री एक वाजता टेम्पोवाल्याने त्याला बादल्यांसकट भिंतीपाशी उतरवलं आणि स्वतः कोपऱ्यावर टेम्पो लावून झोपला. रंगारी एका टोकापासून सुरू झाला. प्रत्येक दारामागची माणसं त्याला ठाऊक होती. खाली मान घालून रंग मारत गेला. साडेतीनला एकवीस दारं झाली.

उरलं एक. हिरवं.

त्याने मोठा ब्रश खाली ठेवला. खिशातून बारीक ब्रश काढला, काळ्या रंगाची डबी उघडली. पुसायचं तर होतंच. पण आधी तिचं मागणं पुरं करू, एवढंच त्याच्या मनात होतं.

कडी काढली. कोयंडा काढला. शेवटची रेघ ओढली...

आणि कडी वाजली.

त्याने हात मागे घेतला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आतून पावलं आली. ओळखीची. डावा पाय किंचित ओढत.

"आले हं..."

त्याने भिंतीला कान लावला.

"किती उशीर केलात, अहो. लोटा ना दार. उघडंच आहे."

त्याने दोन्ही तळवे टेकले. लोटलं. खांदा लावला.

भिंत. गार. जाड.

"येता येत नाही गं मला..."

आत काहीच नाही. नुसता श्वास. अगदी जवळ.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. टेम्पोवाला ओरडला, "आटपा, दादा! उजाडेल आता. लोक आले तर मार बसेल!"

रंगाऱ्याने मोठा ब्रश उचलला. वरून पहिला पट्टा मारला.

"अहो..."

दुसरा.

"अंधार का होतोय?"

तिसरा.

"तुम्हीच आहात ना बाहेर?"

हात चालत राहिला. खालच्या कोपऱ्यात तेवढं हिरवं उरलं होतं. तेही गेलं.

मग शांत. ती माघारी गेली असती तर पावलं वाजली असती. तो कान लावून उभा राहिला.

पावलं वाजली नाहीत.

सकाळी गोदामात येऊन त्याने हे सगळं मला एका दमात सांगितलं. मी खाली बघत ऐकलं. तो रडला नाही. पुन्हा कधी ब्रशही धरला नाही, झाडूखात्यात बदली मागून घेतली. रोज संध्याकाळी त्या भिंतीपाशी जाऊन कान लावायचा. अंधार पडला की इमारतीत परत. नऊ वर्षं. मग तोही गेला.

भिंत अजून आहे. एकवीस दारांवरचा रंग दुसऱ्याच दिवशी खडखडीत वाळला होता.

परवा मेमध्ये मी तिथे गेलो होतो. भर दुपारी, ऊन मी म्हणत होतं. बाविसाव्या जागी, दाराएवढ्या तुकड्यावर हात टेकला.

बारा वर्षं झाली त्या रंगाला...

पंजा पांढरा झाला माझा. ओला.