अंबूबाईंचा बांगडा

"अण्णा, मी विष घातलं नाही," दारातच अंबूबाई म्हणाल्या.

१९६४ साल. खासगी तपास करणारा त्रिविक्रम आणि त्याचा मित्र हयवदन चामराजपेटेतल्या खोलीत कॉफी पीत बसले होते.

अंबूबाई विधवा, एकट्या. शेजारचे विधुर आप्पाजीराव कैक वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवत. गेल्या दोन्ही रविवारी जेवण होताच त्यांच्या अंगावर लालभडक गांधी उठल्या, ओठ सुजले. काल तर श्वास कोंडला. ते इस्पितळात होते आणि त्यांचा पुतण्या पिराजी गल्लीभर विषाचं सांगत सुटला होता.

"काय रांधलं होतं?" त्रिविक्रमनं विचारलं.

"बांगड्याचं सार. मंगळूरहून बर्फातनं येतो तो."

"तुम्ही जेवलात?"

"त्याच भांड्यातलं. पोटाचा मऊ तुकडा त्यांना आवडतो, तो त्यांना. मला शेपटी. मला काही झालं नाही, तेच लोकांना खुपतंय."

हयवदननं भुवया उंचावल्या.

इस्पितळात पिराजी तावातावानं बोलला. "काका आमच्याकडंही बांगडा खातात. कधी काही झालं नाही!"

"पोटाकडचा भाग?"

"तो कडू लागतो म्हणून बायको कापून टाकते. आमच्याकडं राहा म्हणून किती विनवलं त्यांना! पण बाईंचंच जेवण गोड."

"यानंच काही घातलं असेल," बाहेर येताच हयवदन कुजबुजला.

"हा रविवारी तिकडं फिरकलाही नव्हता."

मग त्रिविक्रमनं अंबूबाईंच्याच कोळिणीकडून एक बांगडा घेऊन चिरवला. हयवदन नाक दाबून उभा होता. पोटाच्या मांसात पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वेटोळं घालून बसलं होतं. त्रिविक्रमनं ते बाटलीत घालून डॉक्टरांकडे नेलं.

दोन दिवसांनी आप्पाजीरावांच्या खाटेभोवती सगळे जमले.

"विष सारात असतं, तर अंबूबाईंनाही बाधलं असतं," त्रिविक्रम म्हणाला.

"आणि तुकड्यालाच चोळलं असेल तर?" हयवदननं विचारलं.

"म्हणून तर आज डॉक्टरांनी आप्पाजीरावांच्या हातावर दोन ओरखडे काढले. एकावर स्वच्छ माशाचा रस, दुसऱ्यावर बाटलीतल्या त्या अळीचा, उकळून काढलेला. दुसराच सुजला. मासा मेला, की या अळ्या आतड्यातून पोटाच्या मांसात शिरतात. पिराजीच्या घरी तो भाग टाकतात, इथं तो मायेनं वाढला जात होता. शिजवून अळी मरते, पण तिच्यातलं काहीतरी यांना सोसत नाही. शरीर वर्षानुवर्षं सहन करतं, मग एक दिवस उलटतं."

"चुकलं, अक्का," पिराजी पुटपुटला.

अंबूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हालाही तसंच वाटलं होतं?" त्यांनी आप्पाजीरावांना विचारलं.

आप्पाजीराव खिडकीबाहेर बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. पण फार उशिरा.

"सरी, ठीक आहे," असं म्हणून त्या उठल्या.

"सुटल्या बिचाऱ्या," जिना उतरताना हयवदन म्हणाला.

त्या रविवारी अंबूबाईंनी एकटीपुरताच भात टाकला.