तिघांनी चढवलेलं कपाट

दिवा असू दे, जरा बारीक कर नुसता. आणि हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर जमायचं नाही.

चाळीस वर्षं मी लोखंडी कपाटं विकली. माल पोचवायला चार गडी होते: मुकादम, पैलवान, लंबू आणि जावई. जावई कुणाचाच नव्हता. चहा गार मिळाला की रुसून बसायचा, म्हणून जावई.

कपाट जिन्याने चढवताना दोघं वर, दोघं खाली. खालचा उजवा कोपरा जावयाचा. कपाटाआड तो वरच्यांना दिसत नसे, म्हणून नियम एकच: जावई ‘ठेवा’ म्हणेपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. सहा वर्षांपूर्वी एका जिन्यात कपाट सुटलं आणि जावई खाली सापडला. जागीच गेला. त्याचा पाय घसरला, असं मुकादमाने सांगितलं. जावयाच्या बायकोलाही तेच सांगितलं. सगळ्यांनी मानलं. मीसुद्धा.

तेव्हापासून उरलेले तिघं वर्षअखेरच्या सुट्टीत दोन दिवस मुकादमाकडे जमत. गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेनऊ. जेवणं उरकलेली, गप्पांना ऊत आलेला. मुकादमाची बायको म्हणाली, “मघापासून तोंडाने डोंगर उचलताय, तेवढं माझं कपाट माडीवर न्या. सकाळी मुलगा-सून येतायत, खालची खोली मोकळी हवी.”

“मजुरी काय वहिनी?” लंबूने विचारलं.

“दोन वेळा गिळलंत, ते काय होतं?”

तिघं हसतच उठले. मुकादम आणि लंबू वर. खाली पैलवान एकटा.

पाच-सहा पायऱ्या झाल्या असतील. पैलवान म्हणाला, “अरे, वजनच लागत नाहीये.”

“म्हातारपणी पालवी फुटली तुला,” लंबू म्हणाला.

“तसं नाही रे. उजवीकडून... कुणीतरी पेलतंय.”

मुकादम मला नंतर म्हणाला, “शेट, मी पावलं ऐकत होतो. दर पायरीला चार जण चढत होते.”

माडी आली. भिंत आली. पैलवान म्हणाला, “ठेवा.”

तीन कोपरे टेकले. चौथा टेकला नाही.

पैलवानाने हात काढून घेतले. कपाट तसंच.

“ठेव ना रे...” तो कुजबुजला.

कपाटाआडून श्वास तेवढा येत होता. दमलेल्या माणसाचा.

“तो घसरला नव्हता,” मुकादम म्हणाला. “माझ्या खिशात फोन वाजला. मी एक हात सोडला... त्याने ‘ठेवा’ म्हटलं नव्हतं.”

लंबू म्हणाला, “आणि सहा वर्षं आमच्या पंगतीत बसून जेवलास?”

मुकादम कपाटाकडे बघून म्हणाला, “उद्या तुझ्या बायकोला सांगतो. ऐकतोस ना? उद्या सांगतो... आता ठेव, बाबा.”

श्वास थांबला.

बस्स. आणखी काही नाही.

सकाळी मुकादम गेला तिच्या दारात. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं. पैलवान आणि लंबू पुन्हा मुकादमाच्या घराची पायरी चढले नाहीत.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन ते कपाट बघून आलो. मला वाटलं, फरशी वाकडी असेल. उभा जन्म कपाटांत गेला माझा, मला कोण शिकवणार? खाली वाकून वर्तमानपत्राचा कागद सरकवला. तीन पायांना अडला. चौथ्याखालून आरपार गेला.

मग उठून त्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला.

कपाट तसूभरही खाली आलं नाही. उलट खालून, जरासं... वर रेटलं गेलं.