तीन पायांचा बैल आणि दोन गाड्या

दोन्ही गाड्या बुडाल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. गाड्या कोरड्या ठणठणीत आहेत, शहरातल्या छावणी भागात दाऊदचाचांच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि मे महिन्याचं सकाळचं ऊन त्यांच्या काचांवर चमकतंय. मोहीम अजून सुरू व्हायचीय. सगळे उत्साहात आहेत!

मोहिमेचा उद्देश सांगतो. माझ्या बद्रीनाथकाकांच्या डोळ्यांची नस सुकत चाललीय. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे बघायचं ते बघून घ्या." अशा वेळी माणूस काशी म्हणतो, समुद्र म्हणतो, निदान ताजमहाल तरी म्हणतो. काका म्हणाले, "मला बैल बघायचाय."

हा बैल जुन्या पाथरवाडीतल्या शाळेच्या पायरीवर आहे, आणि जुनी पाथरवाडी जायकवाडी धरणाच्या पाण्यात. गाव उठायच्या आधी काका आणि दाऊदचाचा त्या शाळेत एकाच तरटावर बसायचे. एका दुपारी दोघांनी मिळून खिळ्यानं पायरीच्या दगडात बैल कोरला. मग पाणी आलं, बैल बुडाला, आणि वाद वर राहिला. काका म्हणतात बैलाला चार पाय आहेत. चाचा म्हणतात तीन. या वादात दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, दोघांना शुगर झाली. निकाल लागला नाही.

यंदा धरणाचा हा नाथसागर जलाशय एवढा आटला की शाळेचा ओटा उघडा पडला. पण किनाऱ्यापासून ओट्यापर्यंत नुसतं वाळलेल्या गाळाचं मैदान, आणि काकांचे गुडघे अंगणापर्यंतच चालतात. म्हणजे गाडी हवी.

गाडीवरून आमच्या घरात आधीच फाळणी झालेली होती. घेणार एकच, आणि निवडायच्या दोन. पहिली हिरवी, चौकोनी, उंच चाकांची, चारही चाकांना ताकद. तिच्यात एसी म्हणजे खिडकी. टपावर लोखंडी कॅरिअर, मागं दोरखंड, फावडं आणि पान्यांची पिशवी. ती काकांच्या मुलीला, प्रेरणाताईला हवी होती. ताई गुरांची डॉक्टर. वाड्यावस्त्यांवर जाते. दुसरी पांढरी, लांबट, बसक्या ऐटीची. टपाला काचेची खिडकी, आणि पुढची डावी सीट पाठीला मालिश करते. ती काकांच्या मुलाला, शिवराजदादाला हवी होती. गाडीतून उतरताना माणूस कसा दिसतो, या विषयावर दादाचा अभ्यास आहे.

काकांनी निवाडा दिला. "जी मला बैलापोत्तर नेईल अन् माघारी आणील, ती घरात येईल. बाकी चर्चा बंद."

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दाऊदचाचांनी दोन्ही किल्ल्या दिल्या आणि स्वतःही चपला घातल्या. "गाड्यांची फिकीर हाय म्हणून येतो," ते म्हणाले. "बैलासाठी नाय. तीन पाय हायत, मला म्हाईतंय."

"चार," काका म्हणाले.

अशी आम्ही पाच माणसं निघालो. सामानात पाण्याचा जार, दशम्या, ठेचा आणि पेढ्यांचा अर्धा डबा. हे पेढे आदल्या दिवशीचे. वरच्या धरणांतून आमच्या हक्काचं पाणी सोडा, म्हणून काका आंदोलनात बसले होते, उन्हात, गळ्यात फलक घालून. आणि त्या दिवशी पाणी सोडल्याची बातमी आली! काकांना हार घातले, फोटो काढले, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच धरणाच्या तळात निघालो. यात विसंगती आहे हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. आमच्याकडं पाणी सोडलं ही बातमी असते. पाणी येणं ही वेगळी गोष्ट, आणि ती आजवर कुणी पाहिलेली नाही.

चितेगावपर्यंत पांढरी जिंकत होती. कारखान्यांचे ट्रक, उखडलेला रस्ता, धुरळा, आणि तिच्या आत नुसता गारवा! काका मालिशच्या सीटवर बसले होते. मी मागं. दर थोड्या वेळानं काका डोळे मिटून म्हणायचे, "शिवराज, ही काय करायली रे पाठीला?"

"सेवा, अण्णा."

"सून आल्यासारखं वाटतंय."

मागून हिरवी येत होती. तिच्यात ताई आणि चाचा भाजीच्या पाटीतल्या वांग्यांसारखे उसळत होते.

पैठणचा रस्ता सोडला, वस्ती संपली, आणि समोर तो तळ पसरला. क्षितिजापर्यंत भेगाळलेला राखाडी गाळ, मधूनच कुणी गाळपेरीत लावलेल्या टरबुजांचे हिरवे पट्टे, शिंपल्यांचा पांढरा चुरा, एका टायरवर उभा राहून चिंतन करणारा बगळा, आणि फार लांब, उन्हात थरथरणारा एक काळा ठिपका. शाळेचा ओटा! काकांनी काच खाली केली. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी वास घेतला.

"हिरवी पुढं घेते," ताई ओरडली. "अण्णांना माझ्याकडं द्या!"

"मालिश चालू हाय," काका म्हणाले.

इथं मोहिमेचं नशीब ठरलं.

मध्ये जुन्या ओढ्याचा खोलगट पट्टा होता. दोन्ही गाड्या तो ओलांडून गेल्या. दादानं विजयी मुद्रेनं आरशात पाहिलं आणि वेग वाढवला. गाडी इंग्रजीत बोलली. गाडीतल्या बाईचं म्हणणं होतं की आपण आपली लेन सोडत आहात.

"कोणची लेन?" काकांनी विचारलं.

आणि वरचा कडक थर फुटला! पांढरी नाकावर बसली. चाकं गरगरली. काळा, लोण्यासारखा गाळ काचांवर उडाला. दादानं ॲक्सिलरेटर दाबला. आणखी खाली! बाईला हा अपघात वाटला आणि तिनं दारांना कुलूप लावलं.

काकांना टपाच्या खिडकीतून बाहेर काढलं. मी खालून ढकलत होतो, ताई वरून ओढत होती. निम्मे काका टपावर आणि निम्मे गाडीत असताना मालिश चालूच होती. मागची डिकी उघडते, हे नंतर लक्षात आलं.

"बाजूला व्हा," ताई म्हणाली. "याला म्हणतात गाडी." तिनं हिरवीचा दोरखंड पांढरीला बांधला. चारही चाकांना ताकद दिली. हिरवी गरजली! दोर ताणला! पांढरी एक वीत मागं आली, आणि तेवढ्या ताकदीनं हिरवी दोन हात खाली गेली. चार चाकांची ताकद खाली जायलाही उपयोगी पडते, हे तिच्या जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

बगळ्यानं मान फिरवली.

"दोन्ही नापास," चाचा म्हणाले.

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजायला लागला, थांबेचना. त्यांना अक्षरं दिसत नव्हती म्हणून मी वाचलं. आंदोलनाच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडत होता. 'लढ्याला यश! पाणी नाथसागरात दाखल!' सोबत काकांचाच हारातला फोटो. कुणी फुलं पाठवली होती, कुणी हात जोडले होते. एकानं विचारलं होतं, 'बद्रीनाथराव, कसं वाटतंय?'

मी खाली पाहिलं. भेगांमधून पाणी वर येत होतं. घाई न करता, रीतसर, हक्काचं.

"आलं?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आधी आनंदच होता. मग तो ओसरला. "आत्ता आलं?"

आता दोन वाटा होत्या. मागं किनारा, पुढं बैल. ओटा तीन-चार शेतांच्या अंतरावर होता. ताईनं पान्यांची पिशवी उघडली. हिरवीचं कॅरिअर खोललं. दादानं एकदाच डोळे मिटले आणि पांढरीची मालिशवाली सीट नटबोल्टातून सोडवून, वायरी उपटून डिकीतून बाहेर काढली. कॅरिअरवर सीट, सीटवर काका, चार कोपऱ्यांना चौघं. मोहिमेत पहिल्यांदाच एक गाडी धड पुढं सरकली!

"हीच घेऊ," काका म्हणाले.

"आवाज नको अण्णा, तोल जातो."

पाणी घोट्यापर्यंत. मग पोटऱ्यांपर्यंत. गाळ पाय धरून ठेवायचा आणि सोडताना चपला ठेवून घ्यायचा. दादाचे बूट गेले. चाचांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"चाचा, तुम्ही सोडा," ताई म्हणाली.

"चुप बैठ ना गे. बद्री मेरेच कोपऱ्यावर भारी हाय. लहानपणी पण फुकट पाठीवर बसायचा."

ओटा मोठा होत गेला. पायऱ्या दिसायला लागल्या. दोन शेतं राहिली. दीड. मी मागं वळून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आम्ही ओलांडलेला ओढा आता ओढा राहिला नव्हता. तिथं पाणी वाहत होतं, रुंद, पिवळट, फेसाचं. किनारा त्याच्या पलीकडं होता.

"ओढा भरतोय!" मी ओरडलो.

चाचा घसरले! कोपरा कलला! सीट झुकली! काकांचा हात हवेत! दादानं गुडघा टेकून सगळा भार छातीवर घेतला. पाणी उडालं. ताईनं चाचांना शर्टाला धरून उभं केलं. तेव्हा पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं.

"चला," दादा दात खाऊन म्हणाला. "दीडच शेत हाय. अण्णांना बघायचंय. चला!"

"मी येते," ताई म्हणाली. ती रडत होती, पण पाय टाकत होती.

"खाली ठिवा मला," काका म्हणाले.

"अण्णा, होतंय—"

"फिरवा म्हणतो ना! मला बैल बघायचाय. तुमची मढी बघायला डोळे राखलेले नाय मी."

आम्ही थांबलो. ओटा समोर होता. पहिल्या पायरीवर पाणी चढत होतं. काका तिकडं तोंड करून बसले होते. पण दीड शेतापलीकडं त्यांना नुसतं पांढुरकं धुकं. चांगल्या डोळ्यांनासुद्धा तिथून पायरी म्हणजे एक काळी रेघ होती. बैल दिसायचा प्रश्नच नव्हता.

"दाऊद," काका म्हणाले, "तुला काय दिसतंय?"

चाचांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ पाहिलं. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.

"चार हायत रे," चाचा म्हणाले. "चार पाय हायत, बद्री. मीच चुकलो."

काका हसले नाहीत. म्हणाले, "खोटं बोलतो लेका. तीनच हायत. चौथा कोरायला घेतला अन् गुरुजी आले."

"मग इतकी वर्षं भांडला कायकू?"

"तू नसता आला मग घरी."

पाणी थांबत नव्हतं. आम्ही फिरलो.

ओढा कसा ओलांडला ते नीट सांगता येणार नाही. छातीपर्यंत पाणी, हिरवीचा दोर कमरेला, सीट डोक्यावर, सीटवर काका आणि काकांच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. दादा दोनदा खाली गेला, दोनदा वर आला. पाचही माणसं किनाऱ्याला लागली. जिवंत! टरबुजांच्या वेलांत आम्ही पालथे पडलो.

मागं पांढरीचे वायपर आपोआप चालू झाले होते. तिला वाटलं पाऊस आहे. मग दिवे लागले. तिला वाटलं रात्र झाली. हिरवी कशालाही काही न वाटून घेता जात होती, व्यवहारी गाडी. शेवटी पांढरीचा टप तेवढा राहिला, त्यावर बगळा येऊन बसला, आणि मग त्यालाही उडावं लागलं.

"चाचा, गाड्या," दादा म्हणाला.

"अख्खं गाव गेलं तेव्हा काय केलं?" चाचा म्हणाले. "पेढा दे."

काकांनी चाचपून डबा उघडला. पेढे ओले झाले होते. ते दोघांनी खाल्ले, पाण्याकडं पाठ करून.

काका आता अंगणात त्या सीटवर बसतात. तिला वायर नाही, मालिश नाही. चाचा रोज येतात. वाद संपल्यामुळं दोघांना बोलायला विषय उरलेला नाही, तरी येतात. काकांना मागच्या आठवड्यापासून समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, ते असं:

प्रति, मा. सक्षम अधिकारी, जलाशय. विषय: बैलाचा एक पाय अपूर्ण असल्याबाबत. महोदय, आपल्या जलाशयाच्या तळाशी असलेल्या शाळेच्या पहिल्या पायरीवरील बैलाचे कोरीव काम शिक्षक आल्याने थांबले, ते अद्याप सुरू झालेले नाही. तरी जलाशय एका दुपारपुरता रिकामा करून, आम्हा दोन माजी विद्यार्थ्यांस चौथा पाय पूर्ण करण्याची परवानगी मिळावी. खिळा आमचा आहे. अर्जदारांपैकी एकास दिसत नसल्याने त्याचा हात दुसरा धरील. तसेच त्याच परिसरात आमची दोन वाहने उभी असून, पाणी उतरल्यावर त्यांपैकी जे चालू होईल तेच घेण्याचे ठरले आहे. कळावे.