तलावातली बादली

“अगं, पाय हलवू नकोस! पाणी डुचमळतंय!” तलावाच्या पायरीवर ओणवा झालेला ढापण्या ओरडला.

“मग बघ ना लवकर! किती वेळ लावतोस!”

पाय न हलवता भिंगरी बसणार कशी? पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली म्हणून तर तिचं हे नाव पडलं! पण आज तिच्या जिवाची घालमेल व्हायला खरंच कारण होतं.

वसाहतीच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी रोज कमी होत होतं. सेक्रेटरीकाकांनी फर्मान काढलं होतं, “तळाला भेग पडलीय! सोमवारी तलाव रिकामा करून फरशी फोडायची. सुट्टीभर पोहणं बंद!” भिंगरीची ताई वर्षभर पहाटे उठून पोहत होती, आणि संघाची निवड सुट्टी संपायच्या आतच होती. फर्मान ऐकल्यापासून ताई धड जेवली नव्हती. खोलीचं दार लावून बसली होती नुसती!

नेमका याच सुट्टीत शाळेच्या बाईंनी प्रकल्प दिला होता. थर्माकोलचे डोंगर नकोत, पुठ्ठ्याची घरं नकोत. “ज्याचं उत्तर मलाही ठाऊक नाही असा प्रश्न शोधा,” बाई म्हणाल्या होत्या. “आणि पहिलं सुचेल त्या उत्तरावर सरळ काट मारा. खरा विचार तिथून पुढे सुरू होतो.”

भिंगरी, ढापण्या आणि अखंड बडबडणारा पोपट यांनी प्रश्न ठरवला, तलावातलं पाणी जातं कुठे?

“ऊन पितं!” पोपटाने लगेच सांगून टाकलं होतं. ते तपासायलाच ही बादली आली. तिच्यात तलावाचंच पाणी भरलं, वर तरंगू नये म्हणून आत दगड टाकला आणि ती तलावाच्या पाण्यातल्या पायरीवर ठेवली. ऊन दोघांना सारखंच! म्हणजे ऊन पाणी पीत असेल, तर दोन्हीकडे सारखंच उतरायला हवं. पोहण्याचे सरही नवं पाणी सोडायचं थांबले होते.

“बादलीत नखभर उतरलंय,” ढापण्याने चष्मा वर सरकवला, “आणि तलावात चार बोटं!”

“म्हणजे भेगच! काका बरोबर बोलले!” पोपट म्हणाला.

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. “चला, सांगून टाकू बाईंना. संपला प्रकल्प.”

“संपला कसा? यावरही काट मारायची. उद्या पुन्हा मोजू,” ढापण्या म्हणाला.

“उद्या? माझ्याने नाही रे थांबवत!”

पण थांबावंच लागलं. दुसरा दिवस रविवार, तलावाची सुट्टी. पंपही बंद. भिंगरीने दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या, आईची बोलणी खाल्ली आणि सोमवारी उजाडताच तलाव गाठला. शनिवार संध्याकाळपासून बादलीत नखभर उतरलं होतं, आणि तलावातही नखभरच!

भिंगरी टुणकन उडाली. “अरे, भेगेला काय रविवारची सुट्टी असते? पाणी पंपामुळे जातंय!”

तेवढ्यात फाटकाशी काकांबरोबर फरशी फोडणारे कामगार हातोडे घेऊन हजर! सरांनी बाहेरच्या बटणाने पंप सुरू केला. मुलं धावत पंपाच्या खोलीमागे गेली. तिथल्या नळीतून पाणी गटारात चाललं होतं, आणि त्याला तलावातल्या औषधाचा वास येत होता!

“गाळणी धुतली की घाण पाणी इथून जातं,” सर चक्रावून म्हणाले. “पण नंतर मी झडप बंद करतो की!”

खोलीची चावी काकांकडे असायची, सरांना ती गाळणी धुण्यापुरतीच मिळे. “काका, जरा आत बघता?” भिंगरी म्हणाली.

“पळा इथून! मोठ्यांच्या कामात लुडबुड नको!”

भिंगरीने डोकं लढवलं. “असू दे काका. बाईंनी जाणकार माणसाचा फोटो आणायला सांगितलाय. झडप बंद करताना तुमचाच काढावा म्हटलं...”

“माझा? हं! मग आधी नाही का सांगायचं!” काकांनी केस सारखे केले आणि कुलूप उघडलं.

आत मोडक्या खुर्च्यांची ही रास! काकांनी ऐटीत झडपेची दांडी दाबली. खट्! “ही बघा, बंद!”

“पाणी वाहतंय अजून!” ढापण्या बाहेरून ओरडला.

“काका, दांडी खुर्चीच्या पायाला अडलीय!” पोपटाने ती खुर्ची ओढली मात्र, सगळी रास धडाडधूम खाली! मोकळी झालेली दांडी काकांनी दाबली, तर आणखी वीतभर गेली.

“थांबलं! पाणी थांबलं!” बाहेरून ढापण्या ओरडला.

“कुणी ठेवल्या या खुर्च्या इथे?” काका गरजले.

“तुम्हीच, सभेनंतर,” सर हळूच म्हणाले. “दांडी अडली की मलाही वाटायचं, झाली बंद.”

काका कानापर्यंत लाल झाले. मग मोठ्याने हसले. “चांगली धडधाकट फरशी फोडायला निघालो होतो मी! शाब्बास रे पोरांनो, माझी लाज राखलीत! अहो, हातोडे परत न्या!”

“या प्रकल्पाची गोष्ट बाईंना मी स्वतः सांगणार,” सर म्हणाले.

भिंगरी तोवर घरी पोहोचलीसुद्धा! तिने ताईचं दार दणादणा वाजवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ताईने दार उघडलं आणि धाकटीला घट्ट कवटाळलं. दोघींना हसूही येत होतं आणि रडूही.

“वेडे, तू माझ्यासाठी एवढं...” ताई म्हणाली.

“नंतर बोल गं! आधी टोपी घाल आणि चल! वेळ मी मोजते, मार उडी!”