गोदाने भरलेली ओटी

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलेली. मैनामावशीने ती मला एकदाच सांगितली, मेथी निवडता निवडता. सांगून झाल्यावर निवडलेली जुडी तिने पुन्हा निवडायला घेतली.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी आधीच सांगते. हे भरदुपारी घडलं. १९७४ च्या फेब्रुवारीत, खालापूरजवळ, लख्ख उन्हात.

मैनाच्या लग्नाला महिना झाला होता. नवरा मालोजी, कुवेतला नोकरीला. कंपनीने दोघांची तिकिटं काढून दिलेली. सकाळी नागपूरहून विमान सांताक्रूझला उतरलं. कुवेतचं विमान संध्याकाळी. मधे अख्खी दुपार मोकळी.

"चल, तुला समुद्र दाखवतो," मालोजी म्हणाला.

"समुद्र काय, कुवेतला पण आहे," मैना म्हणाली. "मला महडच्या गणपतीला न्या. आईचा नवस आहे. परदेशी जायच्या आधी फेडायचा."

मालोजीचा चेहरा उतरला. तो नाही म्हणू शकला असता. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

टॅक्सीवाला होता चांगो. खोपोलीच्या शिळफाट्याचा, बोलघेवडा. त्या बाजूचं भाडं म्हटल्यावर गडी खूश.

"ताई, दर्शन करून चारच्या आत परत आणतो. आमच्या गावचा रस्ता हाय तो. डोळं झाकून चालवीन."

"उघडे ठेवून चालव," मैना म्हणाली. "मला विमानात बसायचंय."

पनवेल मागे पडलं. चौक आलं. मैना खिडकीतून डोंगर बघत होती. एवढे उंच डोंगर तिने कधी पाहिले नव्हते. मालोजी मात्र समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेला.

एका फाट्यावर बैलगाड्या आडव्या आल्या, चांगो घुटमळला.

"डावीकडून घे," मालोजी बोलून गेला. "उजवीकडे पुढे चढ आहे."

मैनाने वळून बघितलं. "तुम्ही तर इकडे कधी आलाच नाहीत म्हणालात."

"नकाशात पाहिलं होतं."

महडला दर्शन झालं. नवस फिटला. परतीला चांगोने सागाच्या रानातून जाणारा आडरस्ता धरला आणि बोलत सुटला.

"इथं पूर्वी कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, ताई. लाकडं रचायची, वर पाला, त्यावर ओल्या मातीचा जाड थर. आत दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. मातीला भोक पडलं की हवा शिरली, आन् कोळशाची राख झाली. मग कुणीतरी वर चढायचं आन् थापीनं माती ठोकून भोक बुजवायचं."

"पेटत्या भट्टीवर?"

"गोदा नावाची बाई होती वाडीतली. तिनं मुकादमाला सांगितलं, माती बसलीय, मला धरणार नाय. त्यानं काठी उगारून चढवली तिला. गेली आत." चांगोने गिअर बदलला. "लोकं भट्टी फोडायला धावली. त्यानं फोडू नाय दिली. कोळसा वाया जाईल म्हणला. वरनं मातीच टाकायला लावली."

"आणि तो मुकादम?"

"पळाला. कोण म्हणतं नागपूरकडं, कोण म्हणतं..."

"गप गाडी चालव!" मालोजी ओरडला.

चांगोने नजर रस्त्यावर लावली. इंजिनाचा आवाज तेवढा.

मग तोही थांबला.

बॉनेटमधून वाफ येत होती. चांगो डबा घेऊन पाणी शोधायला गेला. वाळक्या सागाच्या पाल्यावर त्याची पावलं कितीतरी वेळ वाजत होती... कर्र... कर्र... मालोजी गाडीतच बसला, काचा वर करून. मैना पाय मोकळे करायला उतरली.

पाखरांचा आवाज नव्हता. वारा नव्हता.

आणि तिच्या समोर एक बाई उभी होती.

पाला वाजलाच नव्हता...

गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. हातात सूप. हात कोपरापर्यंत काळे. कोळशाचं काम करणारी असेल, मैनाला वाटलं. आणि त्या हातांचं वाईटही वाटलं.

"नवी नवरी हायस," बाई म्हणाली. "लांब चाललीस. कोरडी नको जाऊ. ये, ओटी भरते."

ओटीला नाही म्हणायचं नसतं. मैनाने पदर पसरला. सुपातले तांदूळ पदरात पडले. वर खोबऱ्याची वाटी.

तांदूळ गरम होते. उन्हात ठेवले असतील, मैनाने मनाशी म्हटलं.

बाईने कुंकू लावायला बोट पुढे केलं...

आणि कपाळाजवळ थांबवलं.

"नको," ती म्हणाली. "आज नको."

मैना एक पाऊल मागे सरकली. तरी आईने लावलेली सवय सुटते थोडीच? ओटी भरणारीला त्यातले चार दाणे परत द्यायचे असतात, म्हणजे तिचंही घर भरलेलं राहतं. मैनाने पदर पुढे धरला.

"तुम्ही पण घ्या ना यातलं."

"माझं मी घेऊ?"

"घ्या की. काय हवं ते घ्या."

बाई हसली नाही. तिने तांदळाला हातही लावला नाही. ती गाडीकडे बघत होती.

"राजीखुशीनं देतेस ना, बाय?"

मैनानेही गाडीकडे पाहिलं. काचेमागे मालोजी सीटवर खाली खाली सरकत होता. लहान होत होता जणू.

डावीकडून घे, असं तो फाट्यावर म्हणाला होता, ते तिला आठवलं.

"घ्या," मैना म्हणाली.

पाल्यावर पावलं वाजली... कर्र... कर्र... चांगो डबा घेऊन येत होता. मैनाने वळून बघितलं, पुन्हा समोर बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

ती गाडीत बसली. मालोजीने तिच्या पदराकडे पाहिलं.

"कोण होती?"

"ओटी भरली मला."

"तू काय दिलंस?" त्याने तिचा हात पकडला. "मैना, तू तिला काय दिलंस?"

गाडी सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर टपावर आवाज झाला.

ठप.

"फांदी पडली वाटतं," चांगो म्हणाला.

ठप... ठप...

झाडं केव्हाच मागे पडली होती. दोन्हीकडे मोकळी शेतं. टपावर कोणीतरी बसून, सावकाश, मन लावून माती ठोकावी, तसा आवाज.

चांगोने गाडी थांबवली, उतरून बघितलं. टपावर काही नव्हतं. तो परत बसला आणि देवाचं नाव घेऊन गाडी पळवू लागला. 

"काचा उघडा!" मालोजी ओरडला.

मैनाने सगळ्या उघडल्या. भणाण वारा आत आला. तिचे केस उडत होते. मालोजी मात्र तोंड वासून श्वास ओढत होता, बंद खोलीत ओढावा तसा.

"धूर... धूर झालाय..."

धूर कुठेच नव्हता.

"फोडा," तो म्हणाला. त्याची नखं टपाला ओरबाडत होती. "अरे फोडा रे कोणी..."

ठप. ठप. ठप.

मग आवाज थांबला. भोक बुजलं की थांबतो, तसा.

पनवेलच्या डॉक्टरांनी मालोजीचा मृतदेह तपासला. अंगावर कुठे चटका नाही, कपड्याला डाग नाही. त्यांनी बॅटरीच्या उजेडात त्याचा घसा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, आग कुठे लागली होती?" त्यांनी विचारलं. "आत सगळी काजळी आहे."

कुवेतचं विमान वेळेवर सुटलं.

वर्षभराने मैना चांगोला घेऊन त्या वाडीत गेली. का, ते तिलाही सांगता येत नाही. गोदाचा भाऊ भेटला, जैतू. बायको पारूबरोबर राहत होता. मैनाने त्याला सगळं सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल.



"आता ती शांत झाली असेल," मैना म्हणाली.

"कशानं?" जैतूने विचारलं. "मुकादमानं मातीला हात बी नाय लावला, बाय. तो काठी घेऊन उभा होता. माती टाकली ती आमी. ती आतनं हाका मारत होती. माझं नाव घेऊन."

त्याने घराच्या छपराकडे बोट दाखवलं.

"आता हितं वाजतंय. रोज नाय. मधनंमधनं. पण ती अशी घेऊन नाय जात, कुणीतरी राजीखुशीनं दिल्याबिगर. हे तूच सांगितलंस ना आत्ता? म्हणून पारूला बोलतो, कुणी बाई ओटी भराया आली तर परत कायबी देऊ नको. ऐकलंस ना गं, पारू?"

पारू दारात बसून तांदूळ पाखडत होती.

तिच्या दंडावर, लुगड्याच्या काठाखाली, काठीचे वळ होते. काही जुने. काही ताजे.

तिने मान वर केली नाही. हो म्हणाली नाही.

मावशी तिथून निघाली. पुढे काय झालं ते तिने कधी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. पण खालापूरवरून जाताना गाडीच्या काचा मी खालीच ठेवते. थंडी असली तरी.