चौथी चौकट

नागनाथ हुक्केरीकरांनी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली बांधल्या होत्या. त्यामुळे कॅमकॉर्डर विकत घ्यायला निघतानाही त्यांनी आधी एक टिपण तयार केलं. ‘झूम : शेवटच्या रांगेतून चेहरा दिसावा. आवाज : गाणं जास्त, खोकला कमी. बॅटरी : दोन. ट्रायपॉड : अर्जदाराचा हात थरथरतो, सबब आवश्यक.’ खाली सही करायची तेवढी बाकी होती.

रविवारी त्यांच्या कानडी शहरातल्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांची नात सुखदा पहिल्यांदाच रंगमंचावर गाणार होती. वय अकरा, राग सारंग, वेळ पंधरा मिनिटं. तिचा बाप अजिंक्य कंपनीच्या कामासाठी नॉर्वेत होता, म्हणून जे. पी. नगरहून एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे निघाले ते आजोबा, नात आणि सून प्रांजली.

“बाबा, माझा फोन फोर-के शूट करतो,” प्रांजली टॅक्सीत म्हणाली. ती पुण्याची आणि आयटीतली, त्यामुळे दोन्हीकडून तिचंच बरोबर असायचं. “कॅमकॉर्डर आता कोण घेतं?”

“गाण्याच्या मधोमध ज्याला ऑफिसचा फोन नको असतो, तो.”

खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, प्रांजलीला ते ठाऊक होतं.

नागनाथांची बायको शिवलीला चाळीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तंबोऱ्याला बसली. तंबोरेवालीकडे कुणी बघत नाही, आणि कॅमेरावाला तर मुळीच नाही. मंडळाच्या सगळ्या जुन्या चित्रफिती नागनाथांनी पालथ्या घातल्या होत्या. कुठे तिचा खांदा होता, कुठे अर्धा कान आणि त्यातली कुडी, एका फितीत नुसती चार बोटं. बोलतानाचा आवाज एकाही ठिकाणी नव्हता. “आपण एक कॅमेरा घेऊ या की हो,” असं ती कितीदा तरी म्हणाली होती, आणि दर वेळी “पुढं बघू” असा शेरा मारून नागनाथांनी प्रकरण प्रलंबित ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता तिचा आवाज आठवायला बसलं की त्यांना शब्द आठवत, आवाज आठवत नसे. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

परसूअण्णांचं दुकान एका बोळात, जिन्याखाली होतं. माणूस निपाणीकडचा, मराठी ऐकताच खुलला.

“बसा की सर. कॅमकॉर्डर? ते मागणारं गिऱ्हाईक आताशा महिन्याला एखादंच येतंय. स्वल्प थांबा.” त्यांनी फडताळातून एक खोका काढला. “शेवटचा नग. ह्याचा झूम काचेचा, खरा. फोनचा झूम म्हणजे नुसतं चित्र ताणायचं. नाटक, गाणं, नाच, अंधारा हॉल, सगळ्याला हाच. वर हा माइक लावायचा, तो समोरचंच ऐकतो. शेजारच्या बाई वेफर्स खात असल्या तरी ह्याला पत्ता नाही.”

“आणि हे काय?” सुखदानं स्क्रीनवरच्या पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

“चेहरा दिसला की चौकट काढतो, पुट्टी बाळ. माणूस हलला की चौकटपण हलते. नंतर रेकॉर्डिंग बघतानापण दिसते. उभे राहा तिघं, दाखवतो.”

तिघं मागच्या कोऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. नागनाथांचा हात सवयीनं खिशात गेला आणि त्यांनी एक काळा गुळगुळीत खडा काढून शेजारच्या स्टुलावर ठेवला.

तिघांचा फोटो काढू नये, तिघांनी मिळून कामाला निघू नये, आणि निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यावा, हे शिवलीलाच्या माहेरचं शास्त्र. तिच्या माहेरी खड्याला माणसाचा मान असे. पण त्या शास्त्राचं एक दुसरं कलमही होतं, आणि ते ती पहिल्यापेक्षा कडक पाळायची : काम झालं की खडा वाटेतच टाकायचा. घरी आणायचा नाही. “बोलावलेल्याला निरोप द्यायचा असतोय,” ती म्हणे. नागनाथ हसत.

हा खडा तिनं शेवटचा उचललेला. इस्पितळात जाताना रिक्षात ती, नागनाथ आणि अजिंक्य, असे तिघंच होते. तिनं फाटकापाशी वाकून हा उचलला आणि नागनाथांच्या हातात दिला. “येताना टाकू,” म्हणाली. येताना ती नव्हती. खडा नागनाथांच्या खिशात राहिला, तो राहिलाच. टाकायचा म्हणजे तिच्या हातचं शेवटचं काही टाकायचं. हेही प्रकरण त्यांनी प्रलंबित ठेवलं होतं.

“अय्या!” सुखदा म्हणाली. परसूअण्णांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली होती. “चार आहेत!”

एक चौकट नागनाथांवर होती, एक प्रांजलीवर, एक सुखदावर. चौथी स्टुलाच्या वर, रिकाम्या जागेत, बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

“फॉल्स पॉझिटिव्ह,” प्रांजली म्हणाली. “सॉफ्टवेअर जुनं आहे, बाबा. भिंतीवरच्या डागातसुद्धा चेहरा दिसतो त्याला.”

भिंतीवर डाग नव्हता. नागनाथांनी खडा उचलून खिशात टाकला, तशी चौकट विझली. त्यांनी खडा परत ठेवला. चौकट आली, किंचित हलली, आणि कुणीतरी मान वर करून बघावं तशी स्थिर झाली.

परसूअण्णांचं हसू मावळलं. त्यांनी खड्याकडे पाहिलं. “आमची आईपण ठेवायची, सर,” ते हळूच म्हणाले. “पण… हा जुना दिसतोय. हाताळून गुळगुळीत झालाय.” मग घाईनं म्हणाले, “दुसरा कॅमेरा मागवून देऊ? चार दिवसांत येतो.”

“नको,” नागनाथ म्हणाले. त्यांना भीती वाटली नव्हती. देवळाचा गाभारा उघडताना आपण चपला कुठे काढल्या ते माणूस विसरतो, तसं काहीतरी त्यांना झालं होतं. “हाच द्या. आणि ट्रायपॉड. आणि दुसरी बॅटरी.”

रविवारी अकराला मंडळाचा हॉल भरला. हार्मोनियमवर भीमाचार्य, तबल्यावर देवव्रत, मधे सुखदा. म्हणजे पुन्हा तिघं. तंबोऱ्याला माणूस मिळाला नव्हता. प्रांजलीनं फोनवरच तंबोरा लावून फोन माइकपाशी ठेवला होता. नागनाथांनी कार्यकर्त्यांना सांगून सुखदाच्या मागे डावीकडे एक आसन घालून घेतलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यावर खडा ठेवला. चाळीस वर्षं ज्या कोपऱ्यावर सगळ्या कॅमेऱ्यांनी कात्री चालवली, तो कोपरा त्यांनी चित्रात नीट बसवला. माइक लावला, झूम मोजूनमापून पुढे घेतला, बॅटरी पुन्हा पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल बटण दाबलं.

तीन चौकटी उमटल्या. नागनाथ रिकाम्या आसनाकडे बघत राहिले.

सुखदानं षड्ज लावला, आणि त्या आसनावर चौथी उमटली.

डोळे भरून आल्यामुळे स्क्रीन धूसर झाली, तरी ती चौकट त्यांना दिसत होती. सुरावर अगदी हलकी डोलत होती. शिवलीलाही अशीच डोलायची, जेमतेम, जणू डोलण्याची परवानगी कुणाकडून घ्यायची राहिली असावी. नागनाथांनी ट्रायपॉडवरचा हात काढला आणि नकळत दोन्ही हात जोडले. शेजारच्या बाईंना वाटलं, नातीसाठी नवस बोलताहेत.

चौथ्या मिनिटाला प्रांजलीचा फोन खणखणला. ऑफिस. शहराबाहेर होस्कोटेजवळ कुठलासा सर्व्हर होता, तो बंद पडला होता. तंबोरा बंद पडला. प्रांजली धावत जाऊन फोन घेऊन बाहेर पळाली, सभागृहात थोडं हसू फुटलं. सुखदा मात्र एक क्षणही अडखळली नाही. उरलेली अकरा मिनिटं ती कोऱ्या शांततेवर गायली, आणि एकदाही सूर सुटला नाही. भीमाचार्य मान हलवत राहिले.

टाळ्या थांबायच्या आतच नागनाथांना लोकांनी घेरलं. अभिनंदन करत त्यांना मागच्या दालनात जेवायला नेलं. लाल बटण पुन्हा दाबायचं असतं, हे त्यांच्या टिपणात नव्हतं. बिशीबेळे भात संपवून ते परत आले तेव्हा हॉल रिकामा होता. कॅमेरा ट्रायपॉडवर जागच्या जागी होता आणि बंद होता. बॅटरी संपली असेल, त्यांना वाटलं. आसनावर खडा नव्हता. त्यांनी सतरंजी उचलून पाहिली, विंगेत पाहिलं, झाडणाऱ्या बाईंना विचारलं.

“कल्ला?” बाई चकित झाल्या. “दगड शोधताय, अज्जा?”

काय सांगणार? ते घरी आले.

संध्याकाळी सहाला सुखदा खाली खेळायला गेली. नागनाथांनी कॅमेरा टीपॉयवर ठेवला, स्क्रीन उघडली, आणि प्रांजली त्यांच्या शेजारी बसली. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

गाणं सुरू झालं. चौथं मिनिट आलं. फोन खणखणला, प्रांजली धावली, फोन गेला.

तंबोरा चालूच राहिला.

प्रांजलीनं आवाज वाढवला. फोनच्या तंबोऱ्यासारखा तो एकसारखा नव्हता. मधेच पंचम किंचित हळू छेडला जात होता, मधलं बोट दुखणाऱ्या माणसानं वाजवावा तसा. शिवलीलाचं मधलं बोट थंडीत दुखायचं.

“बाबा…”

“ऐक.”

गाणं संपलं. भीमाचार्य उठले, देवव्रत उठला, सुखदा उड्या मारत गेली. नागनाथांचा सदरा चित्राच्या कडेनं सरकत बाहेर गेला. खुर्च्या सरकल्याचे आवाज विरले. रंगमंचावर कुणीच नव्हतं. आसनावर ती चौकट मात्र होती.

ती उठली. एका जागी थांबली. मग मोठी होऊ लागली.

चौकट मोठी होणं म्हणजे काय, हे परसूअण्णांनी सांगितलं नव्हतं. पण ते सांगावं लागत नाही. चेहरा जवळ येत होता. रंगमंचाच्या पायऱ्यांवर चौकट तीनदा खाली उतरली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सावकाश पुढे आली, वाढत वाढत तिच्या चारही कडा स्क्रीनच्या कडांना टेकल्या. आत रिकाम्या हॉलखेरीज काही नव्हतं. मग टक् असा आवाज झाला आणि चित्रीकरण थांबलं.

“कोणीतरी बंद केला,” प्रांजली म्हणाली. “मंडळाचं कोणीतरी असेल…”

“पुढं अजून एक आहे,” नागनाथ म्हणाले.

दुसरी क्लिप अकरा सेकंदांची होती. हातात धरून काढलेली, हलती. दालनाचं दार आलं, जेवणाची गर्दी आली, आणि कोपऱ्यातलं टेबल. टेबलाशी नागनाथ, प्रांजली, सुखदा. पांढऱ्या चौकटी एकेकावर उमटल्या. कॅमेरा जवळ गेला, आणि कॅमेऱ्यामागून, माइकच्या अगदी शेजारून, एक बाई हळू आवाजात, नेहमीच्या त्राग्यानं म्हणाली :

“अहो… खडा टाकला का?”

क्लिपमधल्या नागनाथांनी मान वर केली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि लहान मुलासारखं हसून नकारार्थी मान हलवली. सोफ्यावरच्या नागनाथांना यातलं काहीएक आठवत नव्हतं.

त्यांनी ती क्लिप पुन्हा लावली. पुन्हा. पाचदा. दोन वर्षं हरवलेला आवाज तो हाच होता, तोंडात पान असल्यासारखा ‘का’ लांबवणारा. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. माणसाला याहून जास्त काय मिळतं? त्यांनी सहाव्यांदा लावली. आता आवाज पाठ झाला होता, म्हणून या वेळी ते नुसतं बघत होते; आणि छत्तीस वर्षांची सवय जात नाही म्हणून मोजत होते.

एक ते स्वतः. दोन प्रांजली. तीन सुखदा.

चार.

चौथी चौकट सुखदाच्या खांद्यामागे होती. अगदी लागून. ती डोलत नव्हती.

“बाबा,” प्रांजली म्हणाली. “आई जर… कॅमेऱ्यामागे असतील, तर हे…”

नागनाथांना तो खडा आठवला. इस्पितळातून खिशात घालून आणलेला, दोन वर्षं देवघराशेजारी, उशाशी, अंगावर बाळगलेला, निरोप न दिलेला. त्यांनी इतके दिवस तो शिवलीलाचा मानला होता. तिनं मात्र तो फक्त उचलला होता; चौथा म्हणून आलेला दुसराच कुणी होता.

दार ढकलून सुखदा आत आली. घामेजलेली, केस विस्कटलेले.

“आजोबा, तुमचा खडा!” तिनं मूठ उघडली. “मघापासून माझ्या खिशातच होता. मी ठेवला नव्हता हं.”

“इकडं दे,” नागनाथ म्हणाले. “दे, मी आत्ता खाली जाऊन टाकून येतो.”

“का? किती गरम आहे बघा.”

त्यांनी हात पुढे केला. क्लिप संपून कॅमेरा पुन्हा चित्रीकरणाला तयार होऊन बसला होता, भिंग दाराकडे रोखून. नागनाथांनी त्याच्या स्क्रीनकडे बघायचं टाळलं. प्रांजलीला ते जमलं नाही. ती स्क्रीनवरून नजर न काढता बसली होती, आणि तिचे ओठ हळूहळू हलत होते.

ती चौकटी मोजत होती. तीन झाल्यावरही ती थांबली नाही. चारनंतरही नाही.