अस्वलाची चाल

जाहिरात देणाऱ्यांची अट होती, अस्वल आनंदी हवं. पोट सुटलेलं चालेल, दात मात्र पांढरेशुभ्र.

अद्वैत चालतो तेव्हा त्याचे खांदे आधी पोचतात, पाय नंतर.

मिरजेत आता अ‍ॅनिमेशनची मधली चित्रं कुणीच हातानं काढत नाही.

डॉक्टरांच्या मते अद्वैतचं सगळं ठीक होतं.

दंतमंजनाच्या जाहिरातीतल्या अस्वलाला चाल कुणाची द्यायची, हे गार्गीनं काम घेतानाच ठरवलं होतं. अ‍ॅनिमेशनवाले चाल नेहमी जिवंत माणसाकडून उसनी घेतात. तिनं आपल्या दादाला, कबड्डी शिकवणाऱ्या अद्वैतला, अंगणात फेऱ्या मारायला लावल्या.

"अस्वल म्हणजे मी? थांब, आईला सांगतो."

"तू नुसता चाल रे. आणि पोट आत ओढू नकोस."

पाऊल उचलल्याचं एक चित्र तिनं काढलं, टेकल्याचं दुसरं. मधली चित्रं 'सांधक' भरायचा. लाखो धडधाकट आणि आजारी माणसांच्या हालचाली पाहून शिकलेलं ते यंत्र दोन चित्रांतल्या रेषा वाचून मधली हालचाल सांधायचं. सांगितलं तर पुढचीही काढायचं.

अस्वल चाललं, डावा पाय किंचित घासत.

"मॅडम, आमचं अस्वल लंगडतंय," जाहिरात देणारे साळुंखे फोनवर म्हणाले. "दात दुखल्यावर कुणी लंगडतं का?"

गार्गीनं पाय खोडून नीट काढला. सांधकानं तो पुढच्या चित्रात पुन्हा घासवला. चिडून तिनं शेजारच्या काकांची चाल घेतली. ते अस्वल ठणठणीत चाललं. मग तिनं अद्वैतवरून काढलेली मूळ चित्रं परत घातली आणि 'पुढे' दाबलं. अस्वल भिंत धरून चाललं. पुढे. बसलं. पुढे. उठताना त्याच्या काखेत कुणाचा तरी हात होता. तो हात गार्गीनं काढलेला नव्हता.

काहीबाही निमित्त सांगून ती अद्वैतला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, त्यांत काहीच निघालं नाही. तो बाहेर बूट घालत असताना तिनं ती चित्रं डॉक्टरबाईंपुढे धरली.

"रेषेवरून रोग नाही हो सांगता येत," त्या म्हणाल्या. "मला स्नायूंत काहीतरी सापडायला हवं. सापडलं की या."

"तेव्हा औषध असेल?"

त्यांनी चित्रं पुन्हा एकदा पाहिली, मग तिच्या हातात दिली. "कशाचं, तेच तर माहीत नाही. आणि असा पाय धरणाऱ्या काही आजारांना औषधच नाही."

साळुंख्यांना काकांच्या चालीचं अस्वल फार आवडलं. गार्गी मात्र दुसरंच अस्वल उघडून बसली. प्रत्येक चित्रातला पाय तिनं खोडून सरळ केला, भिंत पुसली, काखेतला हात पुसला. अस्वल पडदाभर ऐटीत चालू लागलं. तिचा हात थांबला. यानं काय होणार होतं?

"काय गं, दुखणं अस्वलाचं आणि सुया मला!" अद्वैत दारातून म्हणाला. लंगड्या अस्वलाचं त्याच्या कानावर आलं होतं. तो आत आला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर रेलला. "दाखव तरी. पुढं काय होतं त्याचं?"

मागच्या उन्हाळ्यात, जाहिरातीचं काम येण्याआधी, मैदानावर अद्वैतचा डावा पाय त्याचं ऐकेनासा झाला होता, आणि मुंग्या आल्यात असं सांगून तो पोरांसमोर खाली बसला होता.